एकशे दहा तास, दहा मिनिटं

पेणला एका कम्प्युटर क्लासमध्ये मी तीन वर्षं शिकवलं. कापडाच्या दुकानावरचा मजला, चार मशीन, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि कम्प्युटरच्या खोलीत कोणी चपला घालून जात नसे. मी रोह्याला राहत होते. सकाळच्या एसटीने नागोठणे, वडखळ करत पेणला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं, असा माझा क्रम होता. बी.कॉम. झाल्यावर सहा महिन्यांचा एक कोर्स केला होता, आणि तेवढ्या भांडवलावर मी दुसऱ्यांना शिकवत होते. हे आधीच सांगून टाकते. मला जेवढं येत होतं त्यापेक्षा जास्त येतं, असं तेव्हा मला वाटायचं.

क्लास झाडायला एक मावशी यायच्या. खाडीकडच्या, खारेपाटातल्या एका गावच्या. वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे. नवरा मिठागरात कामाला, आणि त्याही तरुणपणी मिठागरातच राबलेल्या. पायांच्या भेगा त्या वेळच्या, असं त्या सांगायच्या. सकाळची बॅच सुटली की साडेबाराला त्या येत, लादी पुसत, टेबलं पुसत. मशीनला हात लावायचा नाही असं क्लास चालवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून कीबोर्डवरची धूळ त्या वाकून फुंकून काढायच्या. दुपारी एक ते दोन क्लास रिकामा असे. मी डबा खायचे, त्या जिन्याजवळ बसून भाकरी खायच्या. कितीदा आत बोलावलं तरी येत नसत.

एके दुपारी त्या आत आल्या. हातात शाळेची एक जुनी वही होती, वाटेत भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घातलेली.

"बाय, यात बेरीज होते ना गो?" त्यांनी मशीनकडे बोट करून विचारलं.

"होते की. कसली बेरीज?"

"वेळेची."

त्यांच्या गावाला नळ होता, पण पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. वरची गावं भरून झाली की उरलंसुरलं पाणी यांच्याकडे यायचं, ते कधी येईल याचा नेम नसे. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी रात्री बारा वाजता. म्हणून बायका हंडे लावून नळाशी बसून राहायच्या. गावाच्या तीन बाजूंना पाणीच पाणी, पण सगळं खारं. त्याआधी दहा-बारा बायका मिळून पेणच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेल्या होत्या. तिथले साहेब म्हणाले होते की तोंडी सांगून चालत नाही, किती वेळ थांबावं लागतं ते लिहून आणा, मग बघू. बाकीच्या बायका घरी आल्या आणि कामाला लागल्या. मावशी चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी वही काढली.

तीस दिवस त्यांनी लिहिलं होतं. रोजची एक ओळ, ओळीत दोन वेळा: हंडा रांगेत लावला ती, आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन निघाल्या ती. नळासमोरच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, ते रांगेतून दिसायचं. ते दार बंद असलं की सुनेच्या मनगटावरचं घड्याळ बघायचं. अक्षर मोठं आणि दाबून काढलेलं, मागच्या पानावर उमटलेलं.

मला मनापासून आनंद झाला. विद्यार्थ्यांना मी रोज खोटी मार्कलिस्ट आणि खोटी पगारपत्रकं करायला लावायचे. कोणीतरी खरं काहीतरी घेऊन आलं होतं. मी स्प्रेडशीट उघडली, तीन रकाने केले: सुरुवात, शेवट, आणि दोन्हींमधला वेळ. मावशींना खुर्ची दिली. त्या स्टुलावर बसल्या.

पहिल्याच ओळीला अडलं. वहीत लिहिलं होतं, चार ते आठ.

"पहाटेचे चार की दुपारचे?"

मावशींनी जरा वेळ वहीकडे पाहिलं. "पहाटचे. त्या दिवशी सून रडली नळावर. नवीन हाय ना ती. म्हंजे पहाटच."

अशी एकेक ओळ. कुठला दिवस मिठागरातून नवऱ्याला ताप घेऊन आणलं त्याचा, म्हणून दुपारचा. कुठला दिवस रांगेत दोघींचं भांडण झालं आणि एकीचा हंडा चेपला त्याचा, म्हणून संध्याकाळचा. त्यांना सगळं आठवत होतं. मी फक्त आकडे भरत होते. दोन दुपारी त्यात गेल्या.

मग रात्रीच्या ओळी आल्या. रात्री साडेअकराला रांगेत, दोन वाजता घरी. मी वजाबाकी लावली तर रकान्यात आकडा येईना, नुसत्या खुणांची ओळ यायला लागली. मी घाबरले. पण थोडा विचार केल्यावर समजलं. मशीनच्या लेखी अख्खा दिवस म्हणजे एक. सकाळचे सहा म्हणजे पाव, दुपारचे बारा म्हणजे अर्धा, संध्याकाळचे सहा म्हणजे पाऊण. दोनातून साडेअकरा वजा केले की उत्तर शून्याच्या खाली जातं, आणि शून्याखालची वेळ त्याला दाखवता येत नाही. अशा ओळीत एक दिवस मिळवून मग वजा करायचं. मी तसं केलं आणि खुणा जाऊन अडीच तास आले.

मावशींना मी हे समजावून सांगितलं. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटत होतं.

"म्हंजे रात उलटली तं त्याला कळत नाय?"

"नाही. सांगावं लागतं."

"मग सांग गो त्याला," मावशी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसलेल्या मला तेव्हाच काय त्या आठवतात.

तिसऱ्या दुपारी सगळ्या ओळी भरून झाल्या. दोनला पाच कमी होते. पुढच्या बॅचची मुलं जिन्यात चपला काढत होती. मी तिसऱ्या रकान्याच्या तळाशी बेरीज लावली. आकडा आला: चौदा तास दहा मिनिटं.

मावशी पुढे वाकल्या. "चौदा?"

"चौदा तास दहा मिनिटं."

"म्हैन्याचे?"

"हो."

त्यांनी वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं जास्त असंल."

"उभं राहिलं की वेळ लांबच वाटतो, मावशी," मी म्हणाले. "कम्प्युटरची बेरीज चुकत नाही."

हे मी म्हणाले. ज्या बाईने तीस दिवस रांगेत काढले होते तिला म्हणाले. आमच्या रोह्याच्या घरी नळ उघडला की पाणी यायचं, नदी जवळ होती. पाण्यासाठी पाच मिनिटं उभं राहिल्याचंही मला आठवत नव्हतं. पण मी एकदाही वहीतल्या ओळींकडे वळून बघितलं नाही. पहिल्याच ओळीत चार तास होते, तसेच पाच दिवस धरले तरी वीस होतात, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. माझं लक्ष प्रिंटरकडे होतं. रिबन संपत आली होती आणि अक्षर पुसट येत होतं, त्याचीच मला काळजी. सरांच्या परवानगीने दोन प्रती काढल्या. मावशींनी कागदाची घडी घालून वहीत ठेवली, वही पिशवीत ठेवली, आणि झाडू उचलून ठेवायला गेल्या.

पुढचे काही दिवस नेहमीसारखे गेले. कागद कचेरीत दिला, एवढंच त्या म्हणाल्या. मीही फार विचारलं नाही. मग एक दिवस त्या कचेरीचं उत्तर घेऊन आल्या. टाइप केलेलं, शिक्का मारलेलं. सरकारी भाषा त्यांना कळेना, म्हणून वाचून दाखव म्हणाल्या.

मी मोठ्याने वाचायला लागले. आपल्या निवेदनाच्या अनुषंगाने कळवण्यात येते की, असं सुरू होऊन पुढे लिहिलं होतं की आपणच सादर केलेल्या तक्त्यानुसार पाणी भरण्यास संपूर्ण महिन्यात चौदा तास दहा मिनिटे, म्हणजेच प्रतिदिन सरासरी अठ्ठावीस मिनिटे लागतात. सबब सदर गावात टंचाईसदृश परिस्थिती असल्याचे दिसून येत नाही.

अठ्ठावीस मिनिटे हे शब्द मी पुन्हा एकदा वाचले. तेव्हाच मला कळलं. कसं झालं ते कळलं नाही, पण आकडा चुकलाय हे कळलं. मी वाक्य पुरं केलं, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "मावशी, ती वही माझ्याकडे आजच्या दिवस राहू दे."

"काय चुकलं का बाय? मीच काय वाकडंतिकडं लिवलं असंल."

"उद्या सांगते," मी म्हणाले. तेव्हाच सांगायचा धीर झाला नाही.

संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी बसून मी बेरीज केली. वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलने. तास वेगळे, मिनिटं वेगळी, साठ मिनिटांचा एक तास करत, जशी चौथीत शिकवतात तशी. वडखळच्या पुढे रस्त्याला खड्डे होते, आकडे हलत होते. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा बेरीज झाली होती. एकशे दहा तास, दहा मिनिटं. मी पुन्हा केली. तेवढीच आली. रोजचे साडेतीन तासांच्या वर.

दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच यायच्या आधी मी मशीन उघडून मदतीची पानं वाचत बसले. चूक फार छोटी होती. बेरजेचा रकाना घड्याळासारखा लावलेला होता. घड्याळ चोवीस झाले की पुन्हा शून्यापासून सुरू होतं. एकशे दहा तासांत चार पूर्ण दिवस होते, ते चारही दिवस त्याने दाखवायचे सोडून दिले आणि वरचे चौदा तास तेवढे ठेवले. आतला आकडा पहिल्यापासून बरोबर होता. वेळ कशी दाखवायची हे ठरवणाऱ्या खुणेत तासाच्या 'h' या अक्षराभोवती चौकोनी कंस घातला की चोवीसच्या पुढे मोजतं, असं तिथे लिहिलं होतं. मी कंस घातला. चौदाचे एकशे दहा झाले. पापणी लवायलाही वेळ लागला नाही.

मावशी आल्या तेव्हा मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तुमच्या वहीत काहीच चुकलेलं नाही, हे दोनदा सांगितलं.

त्या रागावतील अशी माझी तयारी होती. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ टेबलावर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माझं खरं होतं."

"हो, मावशी."

"मला वाटलं माझंच डोकं फिरलं. तू कागद दिला ना, तवापासून मी नळावर सगळ्या बायांना सांगत होते. चौदाच तास गो, मशीननं मोजलंय, आपन उगाच रडतो." त्या थांबल्या. "सून म्हनाली, आई, माझे पाय खोटं बोलतात काय. तिला मी गप्प बस म्हनाले."

माझा डबा उघडलेला तसाच होता.

त्याच आठवड्यात मी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. नवा कागद होता, वहीही होती. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला, टेबलावर फायलींच्या गठ्ठ्यामागे अर्धे झाकलेले. वाईट माणूस नव्हता. आम्हाला बसायला सांगितलं. मी दोन्ही कागद समोर ठेवले आणि चूक कशी झाली ते सांगायला लागले. दिवस म्हणजे एक, चोवीसच्या पुढे गेलं की शून्य, चौकोनी कंस. बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, दोन्ही कागद तुमच्याच मशीनचे ना?"

"हो."

"एकावर चौदा, एकावर एकशे दहा. आमचं उत्तर गेल्यावर आकडा आठपट झाला. मी वर काय सांगू?"

"साहेब, वही बघा. ओळी बघा. पहिल्या दिवशीच चार तास आहेत."

त्यांनी वही उघडली, दोन पानं पाहिली. "ही वही यांनीच लिहिलेली. यावर कोणाची सही नाही."

मावशी पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही या एक दिवस. माझ्या संगती बसा नळावर."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. "बाई, मी आलो तर काय होणार? खरं सांगतो तुम्हाला. चौदा असोत नाहीतर एकशे दहा असोत, वरच्या टाकीतच पाणी पुरत नाही. मोठी लाइन झाली पाहिजे. ती माझ्या हातात नाही, माझ्या साहेबांच्याही नाही."

"मग लिहून कशाला आणायला लावलं?" मी विचारलं.

"लिहून आणलं की पुढे पाठवता येतं," ते म्हणाले. "आता पहिला कागद पुढे गेलेला आहे."

नवा कागद त्यांनी घेतला. शिपायाला बोलावून शिक्का मारायला सांगितला आणि फायलीत लावला. आम्हाला पोच दिली. बाहेर आल्यावर मावशींनी ती पोच माझ्याकडे दिली. म्हणाल्या, तुझ्याकडं ठेव, माझ्या घरी हरवंल. त्यांना खरं तर ती नकोच होती, असं मला वाटलं. आम्ही दोघी रस्त्याकडेला जरा वेळ उभ्या राहिलो. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मलाच समजावलं. "जाऊ दे गो. तू मुद्दाम केलं नाय."

त्यानंतर मी दोन अर्ज टाइप केले. एक त्यांच्या अंगठ्याचा नव्हे, सहीचा, आणि एक गावच्या बायकांच्या नावाने. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्यावर सह्या मिळाल्या नाहीत. मावशी दारोदार फिरल्या. बायका म्हणाल्या, तूच म्हनत होतीस ना चौदा तास.

पावसाळा आला, तेव्हा पागोळ्यांचं पाणी धरून काही महिने निघाले. दिवाळीनंतर पुन्हा तेच सुरू झालं. जानेवारीत त्यांची सून माहेरी गेली आणि परत आली नाही. त्यात पाण्याखेरीजही काही असेल. मावशी त्याबद्दल एवढंच म्हणाल्या की ती सकाळी हंडा रांगेत ठेवून गेली, हंडा तिथंच होता.

आता रांगेत बसायला घरात कोणी उरलं नाही. मावशी साडेबाराला पोचायच्या ते दोनला पोचायला लागल्या, मग एक दिवसाआड. सरांनी दोन-तीनदा सांभाळून घेतलं. शेवटी मावशींनी स्वतःच काम सोडलं. सोडताना त्यांनी चारही टेबलं स्वच्छ पुसली आणि सरांना विचारलं की एकदा मशीन पुसू का. सर हो म्हणाले. कोरड्या फडक्याने, पडद्यापासून वायरीपर्यंत, त्यांनी हळूहळू सगळं पुसलं.

पुढच्या वर्षी मलाही रोह्यातच एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी मिळाली आणि पेणला जाणं सुटलं. एकदा बाजाराच्या दिवशी काही कामाने गेले होते, तेव्हा त्या भेटल्या. खारातले चिंबोरे, म्हणजे खेकडे, विकायला बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. माझं लग्न ठरलं का विचारलं. मी पाण्याचं विचारलं.

"येतं कवा कवा."

"पुन्हा कचेरीत गेलात का कुणी?"

"नाय गो. माझ्याबरोबर कोन येत नाय आता." त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं, तशा त्या त्याच्याकडे वळल्या. मी जरा वेळ थांबले, मग निघाले.

त्या बायकांना जाऊन सांगायला हवं होतं, चूक मशीनची नव्हती आणि मावशींचीही नव्हती, माझी होती. पेणहून सहा आसनी रिक्षा त्या गावाला जायच्या, अर्ध्या तासाचा रस्ता. कुठल्याही वेळी गेलं तरी बायका नळाशी असतात हेही मला वहीवरून माहीत होतं. पुढच्या रविवारी जाईन, असं मी बरेच महिने ठरवत होते. मी गेले नाही.